कुंकवाच्या नावानं चांगभलं

पहाटे पाच वाजता मराठवाड्यातल्या गंगापूरहून लासूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर येऊन उभे राहा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी पळताना दिसतील. आधी आठशे मीटर, मग शंभर मीटर, मग गोळाफेक. पायात भावाचे जुने बूट, डोक्याला घट्ट आवळलेली ओढणी. आणि त्यांच्या मागे दहा-वीस फुटांवर एक मोटारसायकल. तिच्यावर कुणाचा तरी भाऊ नाहीतर बाप, डोळे चोळत, पहिल्या गिअरमध्ये. रस्त्यावर दिवे नाहीत म्हणून मोटारसायकलचा उजेड, आणि रस्त्यावर माणसं आहेत म्हणून मोटारसायकलवाला. उद्या जिनं आपलं रक्षण करायचं, तिला आज पळायलाच राखणदार लागतो. भावाची वाळूजच्या कंपनीत पहिली पाळी लागली की त्या आठवड्यात पोरीचं पळणं बंद.

मी या तालुक्यात तीस वर्षं मास्तरकी केली. या पोरींतल्या काहींच्या आया माझ्या हाताखालून गेल्या. त्यामुळे देशाच्या सुरक्षेवर कुणी बोलायला लागलं की मला आधी ती मोटारसायकल दिसते. दिल्लीतले आणि युरोपातले शहाणे नकाशा उलगडतात. त्यावर सीमा असतात, क्षेपणास्त्रांचे पल्ले असतात. त्यांची साखळी सोपी आहे: सीमा सुरक्षित तर देश सुरक्षित, देश सुरक्षित तर घर सुरक्षित, घर सुरक्षित तर बाई सुरक्षित. या साखळीची शेवटची कडी ओढून पाहायला मात्र कुणी येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण दर चार बायकांपैकी एकीनं नवऱ्याच्या हिंसेचा अनुभव सांगितला. तिच्या घराचा उंबरठा कुठल्या नकाशात येतो?

आता मे २०२५ आठवा. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यांतली सहा आपल्या महाराष्ट्रातली. बायकांच्या डोळ्यांदेखत नवरे मारले. ६ आणि ७ मेच्या मधल्या रात्री सैन्यानं उत्तर दिलं आणि त्या कारवाईला नाव मिळालं ‘सिंदूर’. सकाळी कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह पत्रकारांसमोर उभ्या राहिल्या. टीव्हीपुढे माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी नाकारत नाही. पण पाणी पुसल्यावर त्याच्या आगेमागे काय झालं तेही मला दिसलं.

नौदलातल्या ज्या तरुण अधिकाऱ्याच्या मृतदेहाशेजारी बसलेल्या पत्नीचं छायाचित्र देशभर फिरलं, ती म्हणाली, मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी, न्याय हवा. झालं! जिच्या कपाळासाठी देश पेटला होता, त्याच कपाळावर लोक तुटून पडले. इतकी घाण ओतली की राष्ट्रीय महिला आयोगाला मध्ये पडावं लागलं. आणि कर्नल कुरेशी? मध्य प्रदेशच्या एका मंत्र्यानं त्यांचं नातं भरसभेत दहशतवाद्यांशी जोडलं. टीका झाली तेव्हा माफीची भाषा सुरू झाली, तरी गुन्हा नोंदवायला उच्च न्यायालयानं स्वतःहून लावलं तेव्हाच नोंदला गेला. दोन आठवड्यांत दोन धडे मिळाले. बाईनं चिन्ह म्हणून उभं राहावं, तोंड उघडू नये. आणि गणवेश घातला तरी ती आधी कुणाची तरी बहीणच राहते, कुणाची ते आम्ही ठरवू.

आपल्याकडे तसंही बायका कुंकू लावतात. शेंदूर आपण मारुतीला लावतो आणि वेशीवरच्या दगडाला फासतो. शेंदूर फासलेल्या दगडाला बोलता येत नाही, हीच बहुधा त्या नावातली सोय.

आणि कुंकवाचं म्हणाल, तर याच महाराष्ट्रात विधवेचं कुंकू पुसू नका, बांगड्या फोडू नका असा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं केला तो मे २०२२ मध्ये. मग त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांना सांगितलं की बाबांनो, तुम्हीही असं करा. त्यानंतर किती गावांनी ऐकलं ते आपापल्या गल्लीत बघा. शत्रूनं कुंकू पुसलं की युद्ध, आणि जावा-नणंदांनी मिळून पुसलं की रीतभात.

सरकारसुद्धा या रीतभातीत मागे नव्हतं. शौर्यपदक मिळालेला सैनिक गेला तर पदकाचा भत्ता त्याच्या पत्नीला मिळतो. तिनं दुसरं लग्न केलं तर? १९९५ च्या आदेशात त्याचं उत्तर होतं: दिराशी लग्न केलं तरच भत्ता चालू राहील. दुसऱ्या कुणाशी केलं तर बंद. देशाचं संरक्षण खातं एका विधवेला सांगत होतं की बाई, पदक आमचं, पैसा आमचा आणि तूही त्याच घरची. ही अट काढून टाकली गेली ती १६ नोव्हेंबर २०१७ ला. तोवर आपलं यान चंद्रापर्यंत पोहोचलं होतं.

यावर आमचे सुधारक म्हणतात, मग बाईच्या हातात बंदूक द्या, प्रश्न मिटला. द्या की, मी कुठे अडवते! पण देतानाची घाई जरा बघा. मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, म्हणजे एनडीएसाठी, तयार करणारी सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था राज्य सरकारनं आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, १९७७ साली काढली. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला निघाली २०२३ साली. मध्ये सेहेचाळीस वर्षं. तीही सरकारला स्वप्नात दृष्टान्त झाला म्हणून निघाली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एनडीएचं दार मुलींना उघडायला लावलं, म्हणून. ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या एनडीएतून पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या. त्याआधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, सैन्यातल्या बायकांना कायम नियुक्ती द्यावी की नाही याचा खटला त्याच न्यायालयात निकाली निघाला. तिथे सरकारच्या वकिलांनी काय मांडलं होतं? ग्रामीण भागातून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला मनानं तयार नाहीत. म्हणजे खापर पुन्हा आमच्याच गावावर! अहो, आमच्या गावातले जवान लहानपणापासून आईच्या हुकमावर उठतात-बसतात. मन तयार नव्हतं ते संरक्षण खात्याच्या साउथ ब्लॉकचं.

दारं उघडली ते चांगलंच झालं. पण दार उघडणं आणि घराचा कारभार हाती येणं यांत फरक असतो, हे कुठल्याही सुनेला विचारा. तिथे युरोप आपल्या पुढे आहे आणि म्हणूनच त्याची फजिती बघण्यासारखी आहे.

स्वीडननं २०१४ साली जगात पहिल्यांदा जाहीर केलं की आमचं परराष्ट्र धोरण स्त्रीवादी असेल. परराष्ट्रमंत्री होत्या मार्गोट वॉलस्ट्रॉम. २०१५ मध्ये त्यांनी सौदी अरेबियातल्या बायकांच्या अवस्थेवर आणि एका ब्लॉगलेखकाला मारलेल्या फटक्यांवर तोंड उघडलं.  सौदीबरोबरचा लष्करी सहकार्याचा करार पुढे चालवू नये अशी चर्चा स्वीडनमध्ये सुरू झाली. तेव्हा स्वीडनमधल्या तीसेक बड्या उद्योगपतींनी जाहीर पत्र लिहिलं की असं करू नका, देशाच्या व्यापारी पतीला धक्का बसेल. तरी स्वीडननं करार पुढे चालवला नाही, आणि सौदीनं राजदूत माघारी बोलावला. स्त्रीवाद भाषणात असेल तोवर टाळ्या, शस्त्रांच्या वहीला हात लागला की पत धोक्यात. ऑक्टोबर २०२२ मध्ये नवं सरकार आलं आणि त्यानं पहिल्या झटक्यात ती पाटीच काढून टाकली.

जर्मनीत फेब्रुवारी २०२२ मध्ये, युक्रेनवर रशियानं हल्ला केल्यावर, सैन्यासाठी शंभर अब्ज युरोंचा खास निधी जाहीर झाला. महिनाभरानं संसदेत विरोधी नेते फ्रीडरिश मेर्त्स म्हणाले त्याचा मतितार्थ असा की स्त्रीवादी परराष्ट्र धोरण तुम्ही खुशाल करा, पण सैन्याच्या या पैशातून नको. परराष्ट्रमंत्री अनालेना बेअरबॉक यांनी त्यांना बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या आयांची आठवण करून दिली. त्या आयांचं म्हणणं असं की त्यांच्यावर आणि त्यांच्या लेकींवर युद्धात जे झालं ते पूर्वी युद्धगुन्हा म्हणून धरलंच जात नव्हतं. बेअरबॉक बोलल्या ते खरं होतं. पण मे २०२५ मध्ये चॅन्सेलरच्या खुर्चीत बसले ते मेर्त्स.

आणि मार्च २०२५ मध्ये युरोपच्या पुनःशस्त्रीकरणाची आठशे अब्ज युरोंची योजना जाहीर केली कुणी? युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन यांनी. सात लेकरांची आई, पेशानं डॉक्टर, जर्मनीची पहिली महिला संरक्षणमंत्री. बाई खुर्चीत बसली म्हणून खुर्चीचे पाय बदलत नाहीत, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. त्या योजनेतली मेख बघा. युरोपीय देशांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की तूट वाढवू नका, दवाखाने आवरा, पाळणाघरं आवरा, नियम म्हणजे नियम. शस्त्रांची वेळ आली तेव्हा त्याच नियमाला पळवाट सापडली. मागास भागांच्या विकासासाठी ठेवलेला पैसाही तिकडे वळवायला मुभा मिळाली. ब्रिटननं त्याच सुमारास संरक्षण खर्च वाढवायला परदेशी मदतीत कपात जाहीर केली, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर. विकासखात्याच्या मंत्री ॲनलीझ डॉड्स यांनी त्यावर राजीनामा दिला. कुठल्यातरी गरीब देशातल्या बाळंतिणीची खाट काढून तिचं लोखंड तोफेला लावायचं आणि त्याला सुरक्षा म्हणायचं.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, मॅडम, गंगापुरात बसून शांततेच्या गप्पा सोप्या आहेत, सीमेवर राहून बघा. त्या दादाला माझं सांगणं आहे की गंगापूर हे सीमेवरचंच गाव होतं. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात आमची गोदावरी ही दोन राज्यांमधली सरहद्द होती. कायगाव निजामाच्या राज्यात, पलीकडचं टोके आणि प्रवरासंगम स्वतंत्र भारतात. माझी आजी तेव्हा नवी नवरी. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीनं घरातल्या पुरुषांनी एका रात्री बायकांना नावेत बसवून पलीकडे पाठवलं. ती म्हणायची, “दागिने अन् बाया एकाच गाठोड्यात बांधल्या होत्या.” कुणी जायचं, कधी जायचं, कुणाकडे राहायचं, तिला कुणी विचारलं नाही. आणि पुढे म्हणायची, “नदीच्या हिकडं बी भेव होतं, तिकडं बी भेव होतं.” माहेरच्या ओळखीविना सहा महिने परक्या घरी राहिलेल्या बाईला तिकडचं भय कसलं, हे कळायला मला माझी पन्नाशी उलटावी लागली.

म्हणून मला सैन्याचा तिटकारा नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या नसत्या तर माझी आजी गंगापूरला परतली नसती. बंदुकीला बंदूक लागते, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. युक्रेनमधल्या स्त्रीवादी बायकांनी २०२२ मध्ये जाहीरनामा काढून पश्चिमेकडच्या शांततावादी मैत्रिणींना हेच सुनावलं होतं: आमचा प्रतिकाराचा हक्क काढून घेऊन आम्हाला शांतता शिकवू नका. मी त्यांच्या बाजूची आहे.

पण त्याच १९४८ चं दुसरं पान उलटायची हिंमत आपल्यात आहे का? फौजांच्या त्या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, काय घडलं ते पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिच्या अंदाजानं मेलेल्यांचा आकडा सत्तावीस ते चाळीस हजार होता, बहुतेक मुसलमान. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सगळ्यात जास्त. बलात्कार, पळवून नेलेल्या बायका, काही तर थेट सोलापूर-नागपूरपर्यंत नेलेल्या. अहवाल कैक दशकं कपाटात राहिला. रझाकारांनी हिंदू बायकांवर केलेले अत्याचार आम्ही दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, मोठ्या आवाजात सांगतो, सांगायलाच हवेत. पण मुक्तीनंतर ज्या बायकांची बारी आली त्यांचा उच्चार नाही. कारण त्या आपल्या गाठोड्यातल्या नव्हत्या. आणि जिनं रझाकारांविरुद्ध स्वतः हत्यार उचललं त्या जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके? भाषणात एक वाक्य, तेही वक्त्याला आठवलं तर.

जुनं उकरू नका म्हणाल तर नवं घ्या. १५ जुलै २००४ ला इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर मणिपूरच्या बारा आया विवस्त्र उभ्या राहिल्या, जवानांच्या बलात्कारांविरुद्ध सैन्याला आव्हान देत. निर्भया प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीनं जानेवारी २०१३ मध्ये स्वच्छ शिफारस केली की गणवेशातल्या माणसानं बलात्कार केला तर खटल्यासाठी सैन्याच्या विशेषाधिकार कायद्याखाली केंद्राची परवानगी लागता कामा नये. बाकीच्या बऱ्याच शिफारशी घेतल्या, ही सोडली. मेणबत्त्या पेटवणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे? शूर जवानाची बदनामी होते, असं उत्तर येतं. शूर जवानाची बदनामी बलात्काऱ्याला त्याच्या रांगेत लपू देण्यानं होते.

आता पैशाचं. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणाला सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये, महिला व बालविकास खात्याला सुमारे २६,८९० कोटी. पंचवीस पट. मला ठाऊक आहे, अशी तुलना केली की अर्थशास्त्री हसतात, बाईचा पैसा इतर खात्यांतूनही येतो म्हणतात. हसा. पण मग एवढं सांगा. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारनं अंगणवाडी सेविकांना ‘मेस्मा’ लावला होता, म्हणजे संप करायचा नाही, तुमची सेवा अत्यावश्यक. ओरड झाली तेव्हा स्थगिती दिली. संपाच्या दिवशी ती अत्यावश्यक, पगाराच्या दिवशी मात्र तिला पगारच नाही, मिळतं ते ‘मानधन’. सीमेवरचा शिपाई आणि कुपोषणाशी लढणारी ही शिपाईण, दोघं देशाचं रक्षण करतात. एकाला सलामी, दुसरीला नोटीस.

शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ पैकी १३,८६१ बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळी आली की खाडा, खाडा केला की मुकादमाचा दंड, म्हणून पिशवीच काढून टाका. कुठल्याही लढाईत तेरा हजार माणसं जायबंदी झाली असती तर स्मारक उभं राहिलं असतं. इथे शत्रूच सापडला नाही, कारण तो सीमेच्या अलीकडचा.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ३१ ऑक्टोबर २००० ला ठराव क्रमांक १३२५ मंजूर केला: युद्ध आणि शांततेच्या निर्णयात बायकांना जागा द्या. शंभराहून जास्त देशांनी त्यासाठी राष्ट्रीय आराखडे केले. भारतानं २००७ मध्ये लायबेरियाला फक्त महिलांची पोलीस तुकडी पाठवली, जगात पहिली. अभिमानाची गोष्ट. स्वतःच्या देशासाठी आराखडा मात्र केला नाही. परदेशात गस्त घालायला आमच्या बायका चालतात, घरच्या गस्तीचं वेळापत्रक ठरवायला चालत नाहीत.

तेव्हा माझी मागणी फार मोठी नाही. ज्यांच्या नावानं बंदूक उचलता त्यांना तिचा हिशेब विचारू द्या. कायद्यानं आपल्या प्रत्येक गावात ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात, सह्यांपुरतीच भरते. बायांनो, पुढच्या वेळी ती खरी भरवा. हळदीकुंकवाला जमता तशा जमा. विषयपत्रिकेवर एकच विषय घ्या: गावाचं संरक्षण. कोणत्या रस्त्यावर दिवा नाही, कोणत्या घरात रात्री ओरडणं ऐकू येतं, कोणती पोर शाळा सोडून ऊसतोडीला चालली, ते लिहून काढा. आणि १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की तो कागद व्यासपीठावरच्या पाहुण्याच्या हातात द्या. घोषणा नको, कागद द्या.

पाहुणा भाषण करून जाईल. पोरी मात्र उद्या पहाटे पाचला लासूर रस्त्यावर असतीलच. त्यांच्यामागच्या मोटारसायकलमध्ये भाऊ स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालतो. आमच्या तालुक्यातल्या बायकांचं संरक्षण बजेट सध्या तेवढंच आहे.